मुरगाव बंदरनगरी : स्थानिक रोजगार आणि बेकारीच्या काळातील हक्क

बंदरावर वसलेल्या नगराचा संसार दूरदेशीच्या मागणीवर चालतो. परदेशातील पोलाद कारखान्यांनी खरेदी आखडती घेतली, की त्याची झळ थोड्याच दिवसांत सावर्डे-कुडचड्याच्या ट्रकवाल्याला, जुवारीच्या पात्रातील बार्जवरच्या खलाशाला आणि सडा-बायणा भागातील गोदी कामगाराच्या चुलीला लागते. ह्यांपैकी कोणाचाही त्यात दोष नसतो. काम करण्याची इच्छा आहे, अंगी ताकद आहे, कसबही आहे. परंतु काम नाही, अशी ही अवस्था. तिलाच अर्थशास्त्रात अनिच्छेची बेकारी म्हणतात.

अशा प्रसंगी समाजाने आणि शासनाने काय करावे, ह्याचे मार्गदर्शन भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात आहे. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता ह्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची परिणामकारक तरतूद करावी, असे हे मार्गदर्शक तत्त्व आहे. ह्या तत्त्वाच्या बळावर थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. तथापि त्याला धरून वेळोवेळी जे कायदे व ज्या योजना झाल्या, त्यांच्या आधारे मात्र कामगाराला निश्चित स्वरूपाचे हक्क प्राप्त झालेले आहेत. हे हक्क कोणते, ते कोणाला मिळतात आणि कोणाच्या हातून निसटतात, हे मुरगाव बंदरनगरीच्या उदाहरणावरून चांगले उमगते.

बंदरनगरीची जडणघडण

ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये १८७८ साली झालेल्या तहानंतर मुरगावला अर्वाचीन बंदर बांधण्याची व तेथून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग नेण्याची योजना आखली गेली. १८८० च्या दशकात हे काम पार पडले आणि कुळेमार्गे कॅसलरॉकला जाणाऱ्या आगगाडीने गोव्याचा किनारा घाटावरील मुलुखाशी जोडला गेला. बंदराच्या पाठीशी वास्को द गामा हे शहर वाढले. प्रारंभी सामान्य माल हाताळणाऱ्या ह्या बंदराचे रूप दुसऱ्या महायुद्धानंतर पालटले. डिचोली, सत्तरी, सांगे ह्या तालुक्यांतील लोहखनिजाला जपानमध्ये मोठी मागणी येऊ लागली आणि खनिजाची निर्यात हाच बंदराचा मुख्य व्यवसाय झाला.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुरगावला देशातील मोठ्या बंदरांच्या मालिकेत स्थान मिळाले. पोर्तुगीज अमदानीत १९५७ साली स्थापन झालेली जहाजबांधणी गोदी १९६७ मध्ये भारत सरकारच्या मालकीची झाली. आज ती गोवा शिपयार्ड ह्या नावाने प्रसिद्ध आहे. सांकवाळच्या पठारावर १९७३ साली खतांचा कारखाना सुरू झाला. पुढे सांकवाळ व वेर्णा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. बंदर, गोदी, कारखाना आणि रेल्वे ह्यांच्या भोवती हॉटेले, गॅरेजे, वखारी, वेल्डिंगची दुकाने आणि किराणा भुसाराचा व्यापार वाढला. गोव्यातील गावांप्रमाणेच कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र आणि उत्तरेकडील प्रांतांतून आलेल्या माणसांनी हे शहर भरले.

ह्या रोजगाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. येथील पुष्कळसे काम हंगामी असते. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो व समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे बार्जना त्या वाटेने बंदर गाठता येत नाही. कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरण्याचा आडमार्ग असला, तरी ह्या दिवसांत निर्यातीचा वेग मंदावतोच. म्हणजे भरभराटीच्या काळातही बंदरावरील अनेक माणसांना वर्षाचे बारा महिने सारखे काम मिळत नसे.

हजेरी भत्ता : बंदरावरील जुनी तरतूद

गोदीतील बेकारीचा प्रश्न हा जगभर जुना आहे. बोट आली तर काम, न आली तर उपास, ही गोदी कामगाराची पूर्वापार स्थिती होती. मुंबईच्या गोदीत व अन्यत्र मुकादम आपापल्या टोळ्या बाळगीत. कोणाला कामावर घ्यावे आणि कोणाला परत धाडावे, हे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे. आणि मर्जी राखण्यासाठी मजुरीतील वाटा द्यावा लागे.

ही अनिश्चितता दूर करण्यासाठी भारत सरकारने १९४८ साली गोदी कामगार रोजगार नियमन कायदा केला. मुरगावसाठी त्याखाली १९६५ ची योजना तयार झाली आणि गोदी कामगार मंडळाचे कार्य सुरू झाले. ह्या व्यवस्थेत कामगाराचे नाव नोंदवहीत चढविले जाई, काम पाळीपाळीने वाटले जाई आणि नोंदलेला कामगार हजर राहूनही त्याला काम न मिळाल्यास विशिष्ट रक्कम दिली जाई. हा हजेरी भत्ता म्हणजे एका अर्थाने बंदरावरील पहिला बेकारभत्ता होय. त्यामागील विचार साधा होता. बोटींची ये-जा अनियमित असली, तरी बंदराला माणसे सदैव हाताशी लागतात. मग त्यांना हाताशी ठेवण्याचा खर्च केवळ कामगारानेच उपाशी राहून का सोसावा?

पुढे यंत्रे आली. मुरगाव बंदरातील यांत्रिक खनिज हाताळणी संयंत्र १९७९ मध्ये कार्यान्वित झाले. जे काम शेकडो हातांना लागे ते पट्ट्यांवरून वाहू लागले. १९९७ च्या कायद्याने मोठ्या बंदरांतील गोदी कामगार मंडळे बंदर विश्वस्त मंडळांत विलीन करण्याची वाट मोकळी झाली. २०२१ च्या कायद्यानुसार विश्वस्त मंडळांच्या जागी बंदर प्राधिकरणे आली. जुनी मंडळे गेली. परंतु त्यांनी शिकविलेला धडा कायम आहे. ज्याचे नाव नोंदीत, त्यालाच हक्क. बंदरावर वर्षानुवर्षे घाम गाळूनही ज्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते, त्याला हजेरी भत्ता कधी मिळाला नाही.

२०१२ चा आघात

ह्या धड्याची प्रचीती खाणबंदीच्या वेळी आली. २०१०-११ साली मुरगाव बंदरातून सुमारे ५ कोटी टन मालाची चढउतार झाली होती व त्यात लोहखनिजाचा वाटा सर्वाधिक होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम व खनिज वाहतुकीस मनाई केली. २०१३-१४ साली बंदरातील एकूण माल सव्वा कोटी टनांच्याही खाली आला. न्यायालयाने २०१४ मध्ये वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घालून खाणकामास वाट करून दिली. परंतु फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले व मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या. २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले.

बंदर मात्र बंद पडले नाही. कोळसा व अन्य माल, पर्यटक जहाजे ह्यांच्या आधारे ते चालू राहिले. बंदराच्या कायम नोकरांचे वेतन सुरू राहिले. पण खनिजाच्या साखळीतील सर्वांची गत सारखी नव्हती. मोठ्या कंपनीच्या पगारपत्रकावर नाव असलेल्या कामगाराला काम सुटताना नुकसानभरपाई, उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी मिळण्याची सोय होती. कंत्राटदाराच्या कामगाराला ती कागदोपत्री होती, पण कागद नसल्याने अनेकदा हाती येत नसे. ट्रकमालकाच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा. तो स्वतःच मालक असल्याने कामगार कायद्यांच्या दृष्टीने बेकार ठरत नव्हता. डोक्यावर मात्र बँकेचे कर्ज होते. ह्या वर्गासाठी राज्य शासनाला स्वतंत्र अर्थसाहाय्य योजना व २०१४ ची खाणग्रस्त कर्जदारांसाठीची कर्जमुक्ती योजना आणावी लागली. रस्त्याकडेच्या खानावळवाल्याला, पंक्चर काढणाऱ्याला आणि बार्ज दुरुस्तीच्या रोजंदारी मजुराला कोणत्याही कायद्याचे छत्र सहजासहजी लाभले नाही.

स्थानिकांना काम : कायदा काय सांगतो

बेकारभत्त्यापेक्षा काम केव्हाही बरे. म्हणूनच उद्योग आपल्या भूमीत उभा राहतो, तर नोकऱ्या आपल्या मुलांना का नाहीत, हा प्रश्न बंदरनगरीत नेहमी विचारला जातो. तो रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर कायद्याच्या चौकटीत शोधावे लागते.

संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदानुसार सरकारी नोकरीत केवळ निवासाच्या कारणावरून नागरिकानागरिकांत भेदभाव करता येत नाही. निवासाची अट घालण्याचा अधिकार त्याच अनुच्छेदाने संसदेकडे सोपविलेला आहे. राज्य शासनाच्या सेवेत गोव्यात १५ वर्षांच्या निवासाचा दाखला व कोकणीचे ज्ञान मागितले जाते. मात्र मोठे बंदर, केंद्र सरकारच्या मालकीची गोदी व रेल्वे ह्या केंद्राच्या आस्थापना असल्याने तेथील भरतीचे नियम निराळे असतात. खासगी उद्योगांच्या बाबतीत काही राज्यांनी कायद्याने स्थानिकांसाठी जागा राखून ठेवण्याचा प्रयत्न केला. हरियाणाचा ७५ टक्के राखीव जागांचा असा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. ह्यास्तव स्थानिकांना प्राधान्य मिळवून देण्याचा टिकाऊ मार्ग प्रशिक्षण, वेळेवर माहिती आणि उद्योगांना देण्यात येणाऱ्या सवलतींतील अटी ह्यांतून जातो. महाराष्ट्रानेही उद्योगांतील स्थानिकांच्या प्रमाणाबाबत शासननिर्णय काढून हाच मार्ग चोखाळला.

माहितीचे काम रोजगार विनिमय केंद्र करते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना नागरी जीवनात काम मिळावे म्हणून १९४५ साली ही सेवा सुरू झाली. फाळणीनंतर ती निर्वासितांच्या उपयोगी पडली, १९४८ मध्ये सर्वांना खुली झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर तसेच २५ वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिकाम्या जागा केंद्राला कळविण्याचे बंधन घातले. येथे एक गैरसमज दूर व्हावयास हवा. जागा कळविणे सक्तीचे होते. केंद्राने पाठविलेल्याच उमेदवाराला घेणे सक्तीचे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली हे स्पष्ट केले. पुढे १९९६ च्या निकालात, केंद्राकडून नावे मागविण्याबरोबरच वृत्तपत्रे व सूचनाफलक ह्यांद्वारे जागांना प्रसिद्धी द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. ह्या १९५९ च्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून रोजगार विनिमय केंद्रांऐवजी तीत करिअर केंद्रांची तरतूद आहे. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावरही नाव नोंदविता येते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत वास्कोच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्था व १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा ह्यांचा उपयोग होतो. ३० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा २०१९ पासूनचा नियम आहे. गोदीत वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन ह्यांची गरज सदैव असते. शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. परंतु ज्याच्या हाती प्रमाणपत्र व प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे, त्याला डावलणे मालकालाही परवडत नाही.

काम थांबल्यास किंवा सुटल्यास

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. असलेले काम गेले तर काय? येथे काम तात्पुरते थांबणे आणि कायमचे सुटणे ह्यांत कायदा फरक करतो.

कच्चा माल, वीज किंवा मागणी नसल्याने मालक कामगाराला काही दिवस काम देऊ शकत नाही. पण त्याचे नाव हजेरीपटावर कायम असते, ह्याला ले-ऑफ म्हणतात. ५० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात अथवा खाणीत एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगाराला ह्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्ता ह्यांच्या निम्मी रक्कम मिळते. मात्र त्याने नेमून दिलेल्या वेळी रोज हजेरी लावली पाहिजे. काम नाहीच तर जाऊन काय करावयाचे, अशा समजुतीने घरी बसणारा कामगार आपला हक्क गमावतो.

कामगाराचा कोणताही दोष नसता जादा कामगार म्हणून त्याला कायमचे कमी करण्यात आले, तर ती कामगार कपात होय. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घातलेली आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये कायम राहिलेली तरतूद अशी आहे : एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगाराला कमी करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी सूचना किंवा तितके वेतन द्यावयाचे, आणि सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाबद्दल १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावयाचे. शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ भरला असेल, तर तेही वर्ष धरले जाते. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असल्यास ती एक वर्षाची अखंड सेवा समजतात.

उदाहरणार्थ, दररोज ६०० रुपये मजुरी मिळविणाऱ्या कामगाराची सेवा ७ वर्षे ८ महिने झाली आहे. ती ८ वर्षे धरली जाईल. १५ दिवसांचे ९,००० रुपये, ह्या हिशेबाने त्याला ७२,००० रुपये भरपाई मिळाली पाहिजे. एक महिन्याची सूचना दिलेली नसेल, तर तितके वेतन त्याशिवाय. उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी ह्या रकमाही वेगळ्या आहेत. त्या कापून भरपाई देता येत नाही. नव्या संहितेनुसार अशा कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या अखेरच्या वेतनाइतकी रक्कम पुनःकौशल्य निधीत भरावयाची असून ती कपातीपासून ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे.

आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. सर्वसाधारणपणे जो शेवटी आला तो प्रथम जाईल, हा कपातीचा क्रम असतो. तसेच पुन्हा भरती करावयाची झाल्यास कमी केलेल्या कामगाराला संधी द्यावी लागते; संहितेत ह्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. कारखाने, खाणी व मळे ह्यांत ले-ऑफ, कपात किंवा बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागत असे. नव्या संहितेने ही संख्या ३०० केली आहे.

विमा महामंडळाचा बेकारभत्ता

वरील रकमा मालकाकडून मिळतात. बेकारीचा खराखुरा विमा ही निराळी कल्पना आहे. ब्रिटनने १९११ च्या कायद्याने राष्ट्रीय पातळीवर असा विमा प्रथम सुरू केला, तेव्हा ज्या थोड्या धंद्यांची निवड केली त्यांत जहाजबांधणीचा समावेश होता. कारण कामाची भरतीओहोटी ह्या धंद्यात सर्वांत तीव्र होती. भारतात १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला तो आजारपण, प्रसूती व अपघात ह्यांसाठी. बेकारभत्ता त्यात पुष्कळ उशिरा आला.

१ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली. कारखाना बंद पडल्याने, कपातीमुळे, अथवा कामाशी संबंध नसलेल्या इजेमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आल्याने काम सुटलेल्या विमाधारकाला तीत भत्ता मिळतो. आरंभी किमान पाच वर्षांच्या वर्गणीची अट होती. ती पुढे शिथिल करण्यात आली आणि भत्त्याची कमाल मुदत वाढवून चोवीस महिने करण्यात आली. भत्त्याच्या काळात विमाधारकाला व त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय उपचारही मिळतात.

१ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. हिची व्याप्ती अधिक आहे. कारखाना बंदच पडला पाहिजे असे नाही. आरंभी सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के दर होता. २०२० च्या महामारीत तो ५० टक्के करण्यात आला आणि काम सुटल्यानंतर ९० ऐवजी ३० दिवसांनी अर्ज करण्याची मुभा मिळाली. मालकामार्फत न जाता कामगार आपला अर्ज थेट शाखा कार्यालयात देऊ शकतो. हा भत्ता आयुष्यात एकदा, अधिकाधिक ९० दिवसांपुरता मिळतो. सरासरी दैनिक वेतन ५०० रुपये असल्यास ५० टक्के दराने पूर्ण ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात. काम सुटण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी असली पाहिजे, आणि लगतच्या वर्गणी काळात तसेच त्यापूर्वीच्या तीनांपैकी एका वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे. एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च असे हे सहामाही वर्गणी काळ असतात. गैरवर्तणुकीबद्दल काढून टाकलेल्यास, निवृत्तास किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यास हा भत्ता मिळत नाही. ही योजना मुदतवाढ देऊन चालविली जाते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू मुदत व दर शाखा कार्यालयात विचारून घ्यावेत.

नोंद हाच आधार

ह्या योजनांचे दार कोणाला उघडे आहे? सामान्यतः १० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्या आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला. ही वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराने वेतनाच्या पाऊण टक्का व मालकाने सव्वातीन टक्के वर्गणी भरावयाची असते. कंत्राटदाराच्या कामगारांची वर्गणी भरली जाते की नाही, ह्याची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर आहे. हा मुद्दा बंदरनगरीत विशेष महत्त्वाचा आहे. गोदीतील रंगकाम, गंज खरवडणे, सफाई, मालाची चढउतार अशी कामे पुष्कळदा कंत्राटदारांमार्फत होतात. कंत्राटदार बदलतो, माणूस तोच राहतो. परंतु प्रत्येक बदलाच्या वेळी नवा विमा क्रमांक घेतला गेला, तर जुनी वर्गणी मोजणीतून निसटते आणि काम सुटल्यावर दोन वर्षे भरत नाहीत. म्हणून पहिलाच विमा क्रमांक पुढे चालू ठेवण्याचा आग्रह कामगाराने धरला पाहिजे.

ट्रकमालक, मच्छीमार, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया हे अद्याप ह्या बेकारभत्त्याच्या कक्षेबाहेर आहेत. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम संकेतस्थळ सुरू झाले. तेथील नोंदणीने लगेच भत्ता मिळत नाही. पण पुढील योजना कोणापर्यंत पोहोचवावयाच्या, ह्याची यादी तेथूनच तयार होते. खारीवाड्यावरील मच्छीमाराने काय, किंवा बंदराबाहेरील चहावाल्याने काय, नाव नोंदविलेले असावे हेच हिताचे.

काम सुटलेल्या कामगाराने कोणत्या दारी जावे, ह्याबद्दलही घोटाळा होतो. मोठे बंदर व खाणी ह्यांतील वाद केंद्र सरकारच्या कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातात. खासगी कारखाने, हॉटेले व दुकाने ह्यांतील तक्रारी राज्याच्या कामगार आयुक्तालयाकडे. बेकारभत्त्याचा अर्ज विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात द्यावयाचा, भविष्यनिर्वाह निधीचा त्या निधीच्या कार्यालयात. एका कार्यालयात दिलेला अर्ज दुसऱ्याकडे आपोआप जाईल, असे समजू नये. तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी.

ह्यासाठी काही कागद हाती असणे अगत्याचे आहे. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कार्ड, गेटपास, विमा क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक, आधारशी जोडलेले बँकेचे पासबुक आणि कपातीचे पत्र हे ते कागद. काम चालू असताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. काम सुटल्यावर फाटकाच्या आत प्रवेश मिळत नाही आणि मग हेच कागद मिळविणे दुर्घट होते. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता राजीनाम्यावर सही करणे हा तर सर्वांत मोठा धोका आहे. राजीनामा दिलेल्या कामगाराची कपात झाली असे मानत नाहीत. एका सहीने आठ वर्षांची भरपाई जाऊ शकते.

ह्या बाबतीत गावातील शिक्षक, पंचायतीचे सचिव व सार्वजनिक वाचनालये पुष्कळ करू शकतात. अर्ज वाचून दाखविणे, तारखांचा हिशेब करून देणे, कागदांच्या प्रती काढून ठेवण्यास सुचविणे, शेवटच्या वर्गातील विद्यार्थ्यांना नावनोंदणीची व शिकाऊ उमेदवारीची माहिती देणे, ही कामे लहान दिसतात. पण सांगे किंवा सत्तरीतील एखाद्या वाड्यावरून बंदरावर कामाला गेलेल्या माणसाच्या घरी त्यांचे मोल महिन्याच्या शिध्याइतके असते.

बंदरात माल आज आहे, उद्या नसेल. एक धंदा बसेल, दुसरा उभा राहील. ह्या भरतीओहोटीवर कोणाची सत्ता चालत नाही. ओहोटीच्या दिवसांत घर तगून राहावे, मुलांची शाळा सुटू नये आणि कामगाराला नवे कसब शिकण्याइतका अवधी मिळावा, एवढाच ह्या तरतुदींचा हेतू आहे. त्या अपुऱ्या आहेत, हे खरे. परंतु ज्या आहेत, त्यांचा लाभ न घेता त्या वाया जाव्यात, हे कामगाराच्या किंवा समाजाच्या हिताचे नाही. तरी प्रत्येक कामगाराने आपला विमा क्रमांक, सेवेचा आरंभदिनांक व वर्गणीची नोंद काम चालू असतानाच एकदा तपासून घ्यावी.